चीनमध्ये बिऱ्हाड करायचं तर आधी नाव जुळवा

बँकेच्या काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट तिसऱ्यांदा उघडला आणि मधल्या शब्दावर पेन टेकवून विचारलं, "हे कोणाचं नाव?"

"वडिलांचं."

"मग ते तुमच्या पासपोर्टवर कशाला?"

शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत आमच्याकडे वडील मधे उभेच असतात, हे माझ्या मोडक्यातोडक्या चिनीत मला सांगता आलं नाही. ती हसली. माझं आणि वडिलांचं नाव एकमेकांना चिकटवून, मधे जागा न सोडता तिने टाइप केलं. खातं उघडलं, कार्ड हातात आलं, मी खूश होऊन घरी आलो. पुढचे तीन आठवडे ते कार्ड फोनमधल्या एकाही अ‍ॅपला जोडलं जाईना. सिमकार्ड देणाऱ्याने तीच दोन नावं मधे जागा सोडून लिहिली होती. फरक फक्त एका स्पेसचा.

शांघायपासून रेल्वेने अर्ध्या तासावर असलेल्या सुझोऊ शहरात मी सहा वर्षं राहतोय, वाहनांच्या सुट्या भागांच्या धंद्यात. पुण्या-नाशिकहून नव्याने येणारी मंडळी फोन करून विचारतात, थंडी किती असते, शाकाहारी मिळतं का, व्हॉट्सअ‍ॅप चालतं का. नाव कसं लिहायचं, हे मात्र अजून कोणीही विचारलेलं नाही. माझ्या मते परदेशी माणसाच्या निम्म्या कटकटी तिथूनच सुरू होतात, म्हणून आधी तेच सांगतो.

चार गोष्टी, एक माणूस

चीनमध्ये 'शमिंग' नावाची व्यवस्था आहे. शब्दाचा अर्थ 'खरं नाव'. सिमकार्ड, बँक खातं, रेल्वेचं तिकीट, हॉटेल, दवाखान्याचा नंबर, मोठ्या संग्रहालयाचं तिकीटसुद्धा, प्रत्येक गोष्ट सरकारी ओळखपत्राला बांधलेली असते. चिनी माणसाला हे जड जात नाही. त्याचा ओळख क्रमांक 18 आकडी असतो आणि जन्मभर तोच राहतो. पहिले 6 आकडे जागेचे, पुढचे 8 जन्मतारखेचे, मग 3 अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळणीचा. नावही बहुतेकांचं दोन किंवा तीन अक्षरांचं. सगळी सॉफ्टवेअरं याच माणसाच्या मापाने शिवलेली आहेत.

त्यात आपण जातो वीस-पंचवीस रोमन अक्षरांचं, तीन तुकड्यांचं नाव घेऊन. क्रमांक म्हणाल तर एक अक्षर आणि सात आकडे, आणि पासपोर्ट नवा झाला की तोही बदलतो. शिंप्याने मुलाच्या मापाचा सदरा शिवावा आणि घालायला काकांनी यावं, तसा प्रकार.

आता कार्ड का जोडलं जात नव्हतं ते बघू. इथे दुकानात पैसे फोनवरून देतात, ते अलिपे किंवा वीचॅटमधून. त्यात तुम्ही चिनी बँकेचं कार्ड टाकता, तेव्हा अ‍ॅप बँकेला चार गोष्टी विचारतं: नाव, ओळखपत्राचा क्रमांक, कार्डाचा क्रमांक आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर. चारही जुळल्या तरच पुढे. शिवाय तो मोबाइल नंबर ज्याच्या नावावर आहे आणि अ‍ॅपमध्ये ज्याची ओळख पटवली आहे, तो माणूसही एकच असावा लागतो. जुळणी यंत्र करतं, आणि 'जवळपास तेच आहे की' हा युक्तिवाद यंत्राला कळत नाही.

समजा पासपोर्टवर आडनाव देशपांडे आहे आणि पुढच्या रकान्यात अमोल सुधाकर. मग बँकेत 'देशपांडे अमोल सुधाकर', सिमच्या दुकानात 'अमोल सुधाकर देशपांडे', अ‍ॅपमध्ये घाईत भरलेलं 'अमोल देशपांडे' आणि कंपनीच्या पगारपत्रकात 'देशपांडे अमोलसुधाकर', अशी चार माणसं एका माणसातून निघतात. बरोबर कोणतं? पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात. मशीन त्या वाचतं. तिथे आडनाव आधी, मग दोन बाण, मग बाकीची नावं, प्रत्येकामध्ये एक बाण. तोच क्रम धरायचा, सगळी मोठी अक्षरं, प्रत्येक शब्दामध्ये एकच जागा. सिमकार्डाच्या पहिल्या फॉर्मपासून हेच रूप. कर्मचारी टाइप करून झाला की स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगायची, अक्षरं बोट ठेवून वाचायची आणि छापील चिठ्ठीचा फोटो काढून ठेवायचा. संकोच करू नका, मागे रांग असली तरी. काउंटर सोडेपर्यंत ती टायपिंगची चूक असते. नंतर तिचं 'नावात बदल' होतं, आणि नावात बदल केल्याचा दाखला कोण देणार?

हे मी तीन आठवड्यांत चार फेऱ्या मारून शिकलो. काउंटरवर दर वेळी एकच वाक्य ऐकू यायचं: 'शीथोंग बू शिंग', म्हणजे सिस्टीम घेत नाही. त्यानंतर 'मेय बानफा', इलाज नाही. ही दोन वाक्यं इथे लवकर पाठ होतात.

बायकांचा एक जादा पेच असतो. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलेलं. कामाचा परवाना काढताना चिनी अधिकारी पदवी आणि पासपोर्ट शेजारी ठेवून बघतो, त्याला या दोन वेगळ्या बाया दिसतात. विवाह प्रमाणपत्र आणि नावबदलाचा कागद पदवीबरोबरच भारतात प्रमाणित करून आणा. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आहे त्यांनी तो निघण्याआधी भरून घ्यावा. इथे आल्यावर त्या कोऱ्या जागेत कोण काय टाकेल याचा नेम नाही.

नावाचा विषय निघालाच आहे तर चिनी नावाबद्दलही सांगतो. ऑफिसात, शेजारीपाजारी, कुरिअरवाल्याशी बोलताना चिनी नाव फार कामाला येतं, तेव्हा एखाद्या चिनी मित्राकडून बरंसं ठेवून घ्या. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकातून इथे आले तेव्हा पथकातल्या पाचही डॉक्टरांनी चिनी नावं घेतली होती आणि प्रत्येकाच्या नावाचं शेवटचं अक्षर 'ह्वा', म्हणजे चीन. कोटणीसांचं 'के दीह्वा'. 1942 मध्ये वयाच्या 32 व्या वर्षी ते इथेच गेले. त्यांची समाधी शिजियाझ्वांगला आहे. आजही एखाद्या साठी उलटलेल्या टॅक्सीवाल्याला 'कोटणीस' म्हटलं तर काही कळत नाही, 'के दीह्वा' म्हटलं की मान मागे वळते. पण बँकेच्या फॉर्मवर चिनी नाव लिहायचा मोह टाळा. कागदावर पासपोर्टचंच नाव.

पहिला महिना

चीनमध्ये उतरल्यापासून 24 तासांच्या आत पोलिसांकडे राहण्याची नोंद करावी लागते. हॉटेलात राहिलात तर हॉटेलवाले ती आपणहून करतात. मित्राकडे किंवा भाड्याच्या घरी उतरलात तर तुम्ही आणि घरमालकाने जवळच्या पोलीस चौकीत, 'पायछूस्वो'मध्ये, जायचं. आता बऱ्याच शहरांत हे मोबाइलवरून होतं. नोंद केली नाही तर ताकीद किंवा 2000 युआनपर्यंत दंड. एक युआन म्हणजे साधारण 12-13 रुपये धरा. घर बदललं की पुन्हा नोंद. भारतात सुट्टीला जाऊन आलात तर पुन्हा करायची की नाही हे शहरागणिक बदलतं. मी दर वेळी करतो, पाच मिनिटांचं काम आहे. चौकी म्हटल्यावर आपल्या पोटात गोळा येतो, तसं इथे काही नाही. आमच्या चौकीत गरम पाण्याचं मशीन आणि वाचायला तीन नंबरांचे चष्मे ठेवलेले आहेत.

या नोंदीची चिठ्ठी जपून ठेवा, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. नोकरीचा झेड व्हिसा हे फक्त आत यायचं तिकीट. आल्यापासून 30 दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याआधी सरकारी केंद्रात उपाशीपोटी वैद्यकीय तपासणी: रक्त, एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी, सगळं एका मजल्यावर तासाभरात. 180 दिवसांहून अधिक शिकायला येणाऱ्यांचा एक्स-1 व्हिसा, त्यांनाही हाच 30 दिवसांचा नियम. परवान्यासाठी पासपोर्ट जमा करावा लागतो आणि कामाचे 15 दिवसांपर्यंत तो परत मिळत नाही. त्या काळात हातात फोटो लावलेली पावती असते, ती पासपोर्टसारखी सांभाळा.

पदवी आणि पोलिसांच्या दाखल्याचं काम भारतातच उरकून यायचं. चीन नोव्हेंबर 2023 मध्ये अपोस्टिल करारात आला, म्हणजे एका देशाचा कागद एकाच सरकारी शिक्क्यावर दुसऱ्या देशात चालण्याच्या करारात, त्यामुळे अनेक देशांच्या लोकांची दूतावासाची फेरी वाचली. आपली वाचली नाही. चीनच्या प्रवेशावर भारताने आक्षेप घेतल्याने या दोन देशांत तो करार लागू नाही. म्हणजे आपला मार्ग जुनाच: राज्याचं प्रमाणीकरण, परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी दूतावास किंवा वकिलात. युरोपातल्या सहकाऱ्याने 'मला तर काहीच लागलं नाही' असं सांगितलं तर त्याचं अभिनंदन करा आणि आपला कागद घेऊन रांगेत उभे राहा. व्हिसामुक्त 30 दिवस आणि 240 तासांचा ट्रान्झिट यांच्या व्हिडिओंचंही तेच. त्या याद्यांमध्ये भारत नाही.

मग क्रम असा ठेवा: आधी सिम, मग बँक, मग अ‍ॅप. बँक चिनी मोबाइल नंबराशिवाय खातं उघडत नाही. सिमसाठी गल्लीतल्या टपरीवर जाऊ नका, कंपनीच्या मोठ्या दालनात जा. पासपोर्ट वाचणारं यंत्र तिथे असतं आणि चेहऱ्याचा फोटोही तिथेच घेतात. फोनवरच्या फसवणुकीविरुद्धचा कायदा डिसेंबर 2022 मध्ये लागू झाल्यापासून बँका नवीन खात्याला नाकं मुरडतात. नोकरीचा करार, निवास परवाना, पोलिसांची चिठ्ठी सगळं घेऊन जा, आणि कंपनी ज्या शाखेत पगार भरते तिथेच जा. तुम्ही करासाठी कुठल्या देशाचे रहिवासी हा फॉर्म भरून घेतात, तेव्हा पॅन क्रमांक जवळ असू द्या.

तोपर्यंत खायचं काय? 2023 पासून भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्डही अलिपे आणि वीचॅटला जोडता येतं. 200 युआनपर्यंतच्या खरेदीला जादा आकार नाही, त्याहून मोठ्या खरेदीला 3 टक्के लागतात. मात्र अशा कार्डाने मित्राला पैसे पाठवता येत नाहीत, फक्त दुकानात देता येतात. थोडी रोकड खिशात ठेवाच. रोकड नाकारणं इथे नियमबाह्य आहे, पण भाजीवालीकडे 100 ची मोड नसते, त्याला कायदा काय करणार.

पासपोर्ट नवा, माणूस नवा

चौथ्या वर्षी माझा पासपोर्ट संपत आला. बीजिंगचा दूतावास आणि शांघाय, ग्वांगझोऊच्या वकिलाती नवा देतात, त्यात अडचण आली नाही. अडचण नव्या क्रमांकाची. यंत्राच्या हिशेबाने जुना माणूस मेला आणि त्याच्याच नावाचा नवा जन्मला. पहिलं काम परदेशी लोकांचे निवास परवाने देणाऱ्या एक्झिट-एंट्री कार्यालयात, कारण निवास परवान्यातली माहिती बदलली की 10 दिवसांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. मग कामाचा परवाना, पोलीस नोंद, बँक, सिम, कराचं अ‍ॅप, सामाजिक विमा, रेल्वेचं 12306 हे अ‍ॅप, आणि अलिपे-वीचॅट सर्वांत शेवटी. उलट क्रमाने गेलात तर अ‍ॅप बँकेला विचारणार, बँक जुना क्रमांक सांगणार, आणि पाकीट बंद. माझं नेमकं शनिवारी संध्याकाळी भाजीच्या दुकानात बंद पडलं, हातात कोबी धरलेला असताना.

जुना, रद्द झालेला पासपोर्ट फेकू नका. दोन्ही क्रमांक एकाच माणसाचे आहेत याचा पुरावा तोच. नव्या पासपोर्टवर जुना क्रमांक छापलेला असतो, तरी काउंटरवर दोन्ही पुस्तकं ठेवली की बोलणं निम्म्यावर येतं.

चिनी सरकारलाही हे दुखणं माहीत आहे. डिसेंबर 2023 पासून कायमस्वरूपी रहिवासाचं जे नवं कार्ड देतात, त्यावर स्थानिकांसारखाच 18 आकडी क्रमांक असतो, त्यामुळे ती यंत्रं ते मुकाट्याने घेतात. पण ते कार्ड मिळवणं फार थोड्यांना जमतं. बाकीच्यांनी रेल्वे स्टेशनवर अजूनही ओळखपत्र टेकवायच्या गेटऐवजी माणूस बसलेलं गेट शोधायचं. काही ठिकाणी पासपोर्ट वाचणारी गेटं आली आहेत, पण गाडी सुटायला सात मिनिटं असताना प्रयोग करू नये. तिकिटं 15 दिवस आधी सुटतात. चिनी नववर्षाच्या आगेमागे 40 दिवस अख्खा देश गावी निघालेला असतो, गणपतीतली कोकण रेल्वे आठवा आणि तिला शंभराने गुणा.

घर, थंडी आणि वरण

भाड्याचा रिवाज 'या ई फू सान': एक महिन्याचं डिपॉझिट, तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. वर दलालाचं कमिशन. म्हणजे चार-साडेचार महिन्यांचे पैसे पहिल्या दिवशी. घर बघताना माझा पहिला प्रश्न असतो, पोलीस नोंदीला मालक मदत करणार का. काही मालक करपावतीच्या भीतीने किंवा नुसत्या कंटाळ्याने टाळतात. अशा घराची खिडकी कितीही तळ्याकडे उघडत असो, सोडून द्या. मालकाच्या ओळखपत्राची आणि घराच्या मालकीपत्राची प्रत करारासोबतच घ्या.

पत्ता आपल्या उलट लिहितात. आधी प्रांत, मग शहर, विभाग, रस्ता, क्रमांक, इमारत, जिना आणि शेवटी खोली. तो चिनी अक्षरांत फोनमध्ये कॉपी करून ठेवा. टॅक्सी, कुरिअर, वायमाय म्हणजे घरपोच जेवण, सगळ्यांना तोच चिकटवायचा. गूगलच्या नकाशावर विसंबू नका. चीनमधले नकाशे कायद्याने ठरवलेल्या सरकवलेल्या मोजणीवर काढलेले असतात, त्यामुळे तुमचा निळा ठिपका काही शे मीटर बाजूला, कधी भर तळ्यात दिसतो. गावडं किंवा बायदू हे स्थानिक नकाशे वापरा.

थंडीबद्दल एक गोष्ट नकाशावरून कळत नाही. मध्यवर्ती हीटिंग उत्तरेतच आहे, छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदी यांच्या रेषेच्या वर. बीजिंगला 15 नोव्हेंबर ते 15 मार्च घरात बनियनवर बसता येतं. सुझोऊ-शांघायचं तापमान बीजिंगपेक्षा कितीतरी जास्त, पण भिंती गार, हवा ओली, आणि हीटिंग आपल्या पैशाने. गादीवर घालायचं विजेचं गरम पांघरूण नोव्हेंबरातच घ्या. जून-जुलैत 'मेययू' नावाचा भुरभुर पाऊस लागतो आणि कपाटातल्या चपलांना बुरशी येते. कोकणातल्यांना घरच्यासारखं वाटेल.

शाकाहाराचं म्हणाल तर भाज्या इथे उदंड आहेत: कमळाची देठं, कोवळ्या बांबूचे कोंब, दहा प्रकारचे पालेभाजीचे गड्डे, वीस प्रकारचं टोफू. अडचण समजुतीची आहे. 'मांस नको' म्हटलं की वाढपी मान डोलावतो आणि घेवड्याच्या शेंगांवर चमचाभर खिमा भुरभुरून आणतो. त्याच्या लेखी ती चव आहे, मांस नव्हे. रस्सा हाडांचा असतो, सॉस कालवांचा असतो. 'वो छ सू', मी सात्त्विक खातो, हे वाक्य जास्त उपयोगी, कारण 'सू' हा शब्द बौद्ध मठांतल्या खाण्याशी जोडलेला आहे आणि त्याला धर्माचं वजन आहे. कडक 'सू'मध्ये कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आईला सुझोऊच्या शीयुआन मंदिरातले नूडल्स निर्धास्त खाता आले. डाळी, मसाले ऑनलाइन मिळतात. यिवू, ग्वांगझोऊसारख्या शहरांत भारतीय व्यापाऱ्यांमुळे भारतीय खाणावळी आणि दुकानं आहेत. भारतातला मिक्सर खुशाल आणा. वीज इथे 220 व्होल्टची आहे, फक्त आपली गोल तीन पिनांची प्लग इथल्या सॉकेटात जात नाही.

आजारी पडलात तर आपल्यासारखा फॅमिली डॉक्टर इथे सहसा नसतो. मोठ्या सरकारी इस्पितळात अ‍ॅपवरून 'ग्वाहाव' करायचं, म्हणजे नंबर लावायचा, आणि विभाग आपला आपणच निवडायचा. डॉक्टर दोन मिनिटं बघतो, तपासण्या लिहितो, पैसे आधी भरायचे, तपासणी करायची, पुन्हा त्याच डॉक्टरकडे. दिवस जातो, पण निदान बहुतेक त्याच दिवशी होतं आणि खर्च सोसेल एवढा असतो. इंग्रजी बोलणारा आंतरराष्ट्रीय विभाग कित्येक पट महाग. विमा असेल तरच तिकडे वळा. पहिल्या खेपेला पासपोर्टच दाखवा आणि पुढे दर वेळी तोच, नाहीतर तुमच्या रक्ताचे अहवाल दोन वेगळ्या खात्यांत पडतात. माझे पडले आहेत. रुग्णवाहिकेचा नंबर 120, पोलिसांचा 110, आगीचा 119. परवान्याविषयी शंका असेल तर 12367 वर चोवीस तास इंग्रजीत बोलता येतं, आणि ती माणसं नीट सांगतात.

घरचा फोन

व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, यूट्यूब, इन्स्टाग्राम इथल्या इंटरनेटवर चालत नाहीत. वीचॅट इथे श्वासासारखं आहे, आणि भारताने ते जून 2020 मध्येच बंद केलं. म्हणजे आईकडे जे आहे ते माझ्याकडे चालत नाही आणि माझ्याकडे जे आहे त्याला तिच्याकडे बंदी. ही बंदी चुकवायला मंजुरी नसलेलं व्हीपीएन वापरणं नियमात बसत नाही. भारतीय सिमचं रोमिंग मात्र चालतं, कारण त्याचा डेटा भारतातल्या कंपनीमार्फत फिरतो. ते सिम कधीही बंद पडू देऊ नका. आपल्या बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. घरच्यांशी व्हिडिओवर बोलायला आम्ही ऑफिसचं टीम्स लावलं. आई आता 'मीटिंगला ये' असा निरोप पाठवते.

वीचॅट भारतातून आधी उतरवून येता येत नाही हे लक्षात ठेवा. चिनी सिम मिळाल्यावर इथेच सुरू करायचं, आणि खातं उघडताना कधी कधी जुन्या वापरकर्त्याने कोड स्कॅन करावा लागतो. पहिल्या दिवशी एखादा सहकारी बरोबर ठेवा.

पैसा आणि निघणं

कामाचा परवाना कंपनीला बांधलेला असतो. त्याबाहेर केलेलं काम, शनिवारचा योगवर्ग असो की इंग्रजीची शिकवणी, बेकायदा ठरतं आणि 5000 ते 20000 युआन दंड होतो. विद्यार्थ्यांनी तर परवानगीशिवाय असल्या भानगडीत पडूच नये. परवान्याची तारीख चुकवू नका. मुदत उलटल्यावर दर दिवशी 500 युआन, कमाल 10000, आणि कोठडीही होऊ शकते. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या 30 दिवस आधी द्यायचा असतो, फोनमध्ये 45 दिवस आधीचा गजर लावा. कंपनीचा प्रत्येक कागद लाल गोल शिक्क्यासह घ्या. आपल्याकडे सहीला मान, इथे शिक्क्याला. मालकाची सही आहे पण शिक्का नाही, असा कागद म्हणजे रद्दी.

करापोटी कापलेल्या रकमेचा दाखला आणि नोकरीचा करार दाखवून पगारातले पैसे बँकेतून रीतसर भारतात पाठवता येतात. फेऱ्या होतात, पण होतं. 'मला इथे युआन दे, तुझ्या घरी रुपये पोचवतो' म्हणणारा भला माणूस लवकरच भेटेल. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. त्याच्याकडून येणारा पैसा कुठल्या फसवणुकीतून आला हे तुम्हाला कळत नाही, आणि गोठतं तुमचं खातं. यिवूतल्या व्यापाऱ्यांना विचारा.

देश सोडताना सगळं उलट्या क्रमाने उसवायचं. कंपनीकडून नोकरी सोडल्याचा शिक्क्याचा दाखला आणि परवाना रद्द झाल्याचा कागद घ्या. निवास परवाना रद्द झाल्यावर आवरायला थोडे दिवस मागून घेता येतात. पगाराचा शेवटचा हप्ता, कराचा वार्षिक हिशेब आणि सामाजिक विम्यातल्या निवृत्तिवेतन खात्यातला आपला वाटा, हे सगळं बँक खातं जिवंत असताना उरकायचं. घराचं डिपॉझिट मालक खोली बघून देतो आणि ते अ‍ॅपवर येतं, म्हणून अ‍ॅप त्यानंतर. अ‍ॅप रिकामं झालं की खातं. आणि या प्रत्येक टप्प्याचा कोड ज्या नंबरावर येतो ते चिनी सिम अगदी शेवटी, विमानतळावर निघायच्या दिवशी सकाळी.